पंधरा डॉलर वाचवले आणि 413 घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो: 413 डॉलर. पिस्तुलाचे 385, पोस्टाचे 28. घरी मात्र अडीचशे सांगितलेत.

मी ह्यूस्टनला राहतो. शेजारच्या पासाडिनात निकोल्स कंपनी एकेकाळी टिकल्यांची पिस्तुलं बनवायची. त्यांचं स्टॅलियन 45 हे 1950 च्या सुमाराचं. टिकली सरळ पिस्तुलात नाही, दोन तुकड्यांच्या काडतुसात बसवायची आणि अशी सहा काडतुसं सिलिंडरमध्ये भरायची. साताऱ्यात दिवाळीला पत्र्याच्या पिस्तुलात टिकल्यांचं रीळ घालून बोटं काळी केलेल्या माणसाचं ही काडतुसं पाहून काय होत असेल! मूळ खोका आणि सहाच्या सहा काडतुसं एकत्र मिळणं मुश्कील, कारण पोरांनी ती कधीच अंगणात हरवलेली असतात.

आणि मी नवखा नाही. नऊ वर्षं जमवतोय. नवीन क्रोम चढवलेलं, नक्षी बोथट झालेलं पिस्तूल मी लांबून ओळखतो. ऑनलाइन हे स्टॅलियन विकणाऱ्या माणसाकडे मी घोड्याचा फोटो मागितला, मुठीच्या स्क्रूचा मागितला, काडतुसांच्या बुडाचा मागितला. सगळे आले. येणारच! कुठल्याशा जुन्या लिलावातून उचललेले होते. फोटोवरून शोध घ्यायला दोन मिनिटं लागतात, आधी घ्या. मला ती दोन मिनिटं पैसे गेल्यावर सुचली.

मग मी म्हटलं, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो पाठव. तासाभरात आला. इथंच थांबायला हवं होतं. पिस्तुलाची सावली डावीकडे पडलेली, नळीखाली गडद, मुठीपाशी पसरट. चिठ्ठीचा कोपरा चांगला वर उचललेला, पण तिला सावलीच नाही. मी फोटो मोठा करून पाहिला, आणि स्वतःची समजूत काढली की ट्यूबलाइट असेल. म्हणजे एकाच टेबलावर पिस्तुलाला ऊन आणि चिठ्ठीला ट्यूबलाइट! अजून रात्री ती चिठ्ठी डोळ्यांपुढे येते.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. विकणारा म्हणाला, पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून "मित्राला पाठवतात तसे पाठवा, कमिशन वाचेल, 400 चे 385 करतो." अशा पैशांना अ‍ॅपचं संरक्षण नसतं हे मलाही ठाऊक होतं. पण तीन दिवस आम्ही बोलत होतो, वडिलांचा खोका माळ्यावरून काढला म्हणाला, माणूस बरा वाटला. शिवाय दुसरं गिऱ्हाईक तयार होतं म्हणे. (दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं.)

सहा दिवसांनी पाकीट आलं. लेबलवर वजन 6 औंस. स्टॅलियन धातूचं, हातात घेतलं की मनगट खाली जातं. पाकीट उघडायचीही गरज नव्हती. आत प्लास्टिकचं पिस्तूल, नळीला नारिंगी टोक. ते टोक अमेरिकेत सक्तीचं झालं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी! पाठवलंच कशाला, तर पोस्टात 'पोचलं' अशी नोंद व्हावी म्हणून. लेबल फेकू नका. उघडताना व्हिडिओ काढा.

अ‍ॅपवाले म्हणाले, पैसे तुम्हीच मित्राला दिलेत. बँक म्हणाली, अ‍ॅपला विचारा. मी लेबलचा फोटो जोडला, सहा औंसांत खोक्यासकट धातूचं पिस्तूल कसं मावेल असं लिहिलं. उत्तर आलं, 'वस्तू पोचल्याची नोंद आहे.' चाळीस मिनिटं फोनवर गाणं ऐकल्यावर तेच वाक्य पुन्हा. पोलिसांच्या खिडकीवरच्या माणसानं आधी विचारलं, "खेळण्यातलं?" मग हसला. मग म्हणाला हे दिवाणी प्रकरण आहे, विकणाऱ्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? ऑनलाइन तक्रारीला एक क्रमांक मिळाला. अकरा आठवडे झाले, क्रमांक आहे.

महाग मालाला कार्ड वापरा, नाहीतर जुन्या खेळण्यांच्या मेळ्यात जाऊन हातात घेऊन घ्या. आणि बायकोला खरा आकडा सांगा, कारण तक्रारीची प्रत घरच्या पत्त्यावर येते.

काल तोच फोटो पुन्हा दिसला. नाव वेगळं, किंमत 360. डाव्या मुठीवरचा ओरखडा तोच. चिठ्ठीवर तारीख नवी, सावली अजूनही नाही.