क्लोट्रिमाझोल आणि बेक्लोमेथासोनचे जोड-मलम: आराम कशाचा, इलाज कशाचा

पावसाळ्यात त्वचेवर बुरशीचा संसर्ग झाला आणि खाज असह्य झाली, की औषधाच्या दुकानातून अनेकदा जे मलम हाती पडते त्यात क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक १ टक्का आणि बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट हे दाह कमी करणारे स्टिरॉइड ०.०२५ टक्के ही जोडी असते. अनेक कंपन्या ही जोडी निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे हा अभिप्राय कोणत्याही एका नावाविषयी नसून त्या जोडीविषयी आहे. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या सुजून लाल झाल्या आणि चालणेही त्रासाचे झाले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी मला हे मलम थोड्या दिवसांसाठी लिहून दिले होते. दाह ओसरताच ते बंद करून नुसते क्लोट्रिमाझोल पुढे चालू ठेवायचे, अशी स्पष्ट सूचनाही त्यांनी सोबत दिली होती.

वापरायला मलम चांगले आहे. पांढरे आणि हलके असून ते पटकन जिरते, तेलकट थर मागे राहत नाही आणि कपड्यांना डाग पडत नाहीत. पहिल्या काही दिवसांतच आग आणि खाज इतकी कमी झाली, की आजार संपला असे कोणालाही वाटावे. याच ठिकाणी या मलमाचे गुण आणि त्याचा धोका दोन्ही एकत्र येतात, कारण हा झटपट आराम जवळजवळ सगळा स्टिरॉइडचा असतो. बेक्लोमेथासोन शरीराची दाहाची प्रतिक्रिया दाबते, पण बुरशीला ते मारत नाही. ते काम क्लोट्रिमाझोलचे आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ न देऊन ते तिची वाढ थांबवते आणि त्याला आठवडे लागतात, बोटांच्या बेचक्यांत तर साधारण चार. म्हणजे एकाच ट्यूबमधल्या दोन औषधांपैकी एक लवकर थांबवायचे असते आणि दुसरे बरेच दिवस चालू ठेवायचे असते, आणि ही अडचण हे मलम स्वतः सोडवू शकत नाही. अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णावरील मलमांचा आढावा घेणाऱ्या २०१४ च्या कोक्रेन समीक्षेतही (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासातही) हेच चित्र दिसते. स्टिरॉइड असलेल्या जोड-मलमांनी उपचाराच्या शेवटी त्वचा अधिक चांगली दिसली, पण बुरशी नाहीशी होण्याच्या बाबतीत ती नुसत्या बुरशीनाशकापेक्षा सरस ठरली नाहीत, आणि तो पुरावाही अगदी कमी दर्जाचा होता.

माझा सर्वांत मोठा आक्षेप वेष्टनावरच्या आकड्यांविषयी आहे. ०.०२५ टक्के हे प्रमाण पाहून स्टिरॉइड नाममात्र असेल असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असूनही सौम्य गटात मोडते, तर ब्रिटिश वर्गीकरणात बेक्लोमेथासोन ०.०२५ टक्के हे तीव्र गटात आहे. क्लोबेटासोल ०.०५ टक्के तर त्याच्याही वरच्या, अतितीव्र गटात जाते, आणि आपल्याकडे तेही बुरशीनाशक व प्रतिजैविक यांच्याबरोबर एकाच ट्यूबमध्ये घालून विकले गेले आहे. स्टिरॉइडचे बळ टक्केवारीवरून कळत नाही, ते रेणूवर अवलंबून असते. माझ्या हातातल्या ट्यूबवर ही तीव्रता कुठेही लिहिलेली नव्हती. ती ठळक अक्षरांत छापण्यात कोणाचेही नुकसान नाही.

बोटांच्या बेचक्यांत थोड्या दिवसांसाठी जे चालते ते जांघेत, काखेत किंवा स्तनांखाली चालेलच असे नाही. तिथली त्वचा पातळ असते, घडीत झाकलेली आणि ओलसर राहते, त्यामुळे स्टिरॉइड कितीतरी जास्त प्रमाणात आत शोषले जाते. आठवड्यांमागून आठवडे लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, रंग उडतो आणि जांघेत रुंद लालसर वळ उमटतात. हे वळ पुढे फिके पडले तरी पूर्णपणे जात नाहीत. चेहऱ्यावर आणि बाळाच्या लंगोटाखाली तर हे मलम स्वतःच्या मनाने कधीही लावू नये.

दुसरा परिणाम निदानावर होतो. स्टिरॉइडमुळे गजकर्णाची ओळखीची गोल, खवलेदार कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळ उमटते आणि कधी ते इसब आहे असे वाटू लागते. मलम थांबवले की खाज दुप्पट जोराने परत येते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो आणि दरम्यान घरातल्या इतरांनाही लागण होते. भारतात गेल्या दशकात चिवट, पुन्हा पुन्हा उलटणारे गजकर्ण पसरले. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले आणि तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाचा परिणाम होत नाही. या प्रसाराला अशा जोड-मलमांच्या बेसुमार वापराने हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. तरीही काउंटरवर चट्टा दाखवून मलम मागण्याची आणि ते देण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि मला ते फार काळजीचे वाटते.

तेव्हा दाह शमवण्यासाठी मी या मलमाला चांगले गुण देईन, बुरशीवरचा उपचार म्हणून मात्र साध्या बुरशीनाशकापेक्षा एकही जास्त नाही. बहुतेक गजकर्णाला नुसते क्लोट्रिमाझोल किंवा ल्युलिकोनाझोल पुरते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावावे, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. जोड-मलम डॉक्टरांनी दिलेच, तर ते नेमके कोणत्या दिवशी थांबवायचे आणि त्यानंतर कोणते लावायचे हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. आधीच कुठलेतरी मलम लावून झाले असेल आणि चट्टे पसरत असतील, तर ती ट्यूब तपासणीला सोबत न्यावी. खवल्यांचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी त्वचारोगतज्ज्ञ लगेच करू शकतात, पण अलीकडे काय लावले हे त्यांना ठाऊक नसेल तर तिचा अर्थ लावणे अवघड होते.