खिशातला घडीचा चाकू म्हणून स्मॉल सेबेन्झा ३१ घ्यावा की मिनी बगआउट?
दोघांचंही पातं तीन इंचाच्या आसपास, त्यामुळे लांबी बघून काही ठरत नाही, खरा फरक लॉकमध्ये, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेत आहे. क्रिस रीव्ह कंपनीच्या सेबेन्झात टायटॅनियम हँडलचीच पट्टी आत सरकून पात्याला अडकते आणि ३१ या मॉडेलमध्ये तिच्या टोकाला सिरॅमिकचा बारीक गोळा बसवलाय, पातं उघडलं की जराही हलत नाही, भारी काम आहे हे!

बेंचमेड कंपनीचा मिनी बगआउट जेमतेम ४३ ग्रॅम, खिशात जाणवतच नाही, आणि त्याचा अ‍ॅक्सिस लॉक (पात्याला अडवणारी स्प्रिंगची आडवी खीळ) डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने चालतो, डावखुऱ्यांनी तर सरळ तोच घ्यावा. सेबेन्झा जवळपास दुप्पट जड. पण जाड पुठ्ठा कापताना मुठीत कसा भरीव बसतो ना, म्हणून मी तोच घेतला. खोलून साफ करायला अ‍ॅलन की पण सोबत येते.