बारा नळ्यांचा नायट्रोजन इव्हॅपोरेटर: वडोदऱ्यात आठ महिने वापरल्यावर

हे यंत्र कोमट पाण्याच्या बाथमध्ये ठेवलेल्या नळ्यांवर सुयांतून नायट्रोजन फुंकून द्रावक आटवतं. वापर एकच: पाण्याच्या नमुन्यातून डायक्लोरोमीथेन (डीसीएम) या द्रावकाने काढलेला पीएएच (जोडलेल्या बेंझीन कड्यांची प्रदूषक संयुगं) आणि ऑरगॅनोक्लोरिन (क्लोरीनयुक्त) कीटकनाशकांचा अर्क ५ मिलिलिटरवरून १ मिलिलिटरवर आणणे. यंत्र चोख आहे. नमुना वाया जातो तो शेवटच्या त्या एका मिलिलिटरात, आणि तिथे माणसालाच उभं राहावं लागतं.

अर्क कोरडा पडला की नॅफ्थलीन, म्हणजे सगळ्यात हलकं पीएएच, सगळ्यात आधी उडतं. म्हणून डीसीएम संपायच्या आधी थोडं आयसोऑक्टेन हे द्रावक घालावं. ते ९९ अंशांना उकळतं, म्हणून मागे राहून नॅफ्थलीन धरून ठेवतं. नुकसान कुठे झालं हे रिकव्हरीच (मुद्दाम घातलेल्यापैकी किती टक्के परत मिळालं) सांगते: नॅफ्थलीन खाली आणि क्रायसीन (जड पीएएच) जागेवर, तर दोष आटवण्यात. दोन्ही खाली असतील तर आधी एक्स्ट्रॅक्शन किंवा ओतताना झालेली सांड बघा. इव्हॅपोरेटरला उगाच बोल लावू नये.

बाथ ३५ अंशांवर पुरे. मात्र हा बाथ पाणी फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात एसी बंद पडला की खोलीच चाळीशीला टेकते आणि डीसीएमचा उत्कलनबिंदू ३९.६! अशा दुपारी काम थांबवलेलं बरं. पावसाळ्यात उलटी पंचाईत: नळीतल्या अर्काची पातळी बाथच्या पाण्यापेक्षा वर राहिली तर दमट हवेतली वाफ आत थंड होऊन पाण्याचे थेंब पडतात. अर्क नेहमी बाथच्या पातळीखाली ठेवावा.

वायूचा झोत द्रावणावर उथळ खळगा पाडेल इतकाच. जास्त सोडला की शिंतोडे उडून नळीच्या भिंतीवर सुकतात. मधूनमधून अर्धा मिलिलिटर हेक्झेनने भिंत वरून खाली धुवून घ्यावी. हे टाळलं तर जड पीएएच काचेलाच चिकटून राहतात.

खरी तक्रार नायट्रोजन आणण्यासाठी सोबत आलेल्या मऊ प्लास्टिकच्या नळीबद्दल. ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या कोऱ्या चाचणीत) थॅलेटची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची, शिखरं दिसायला लागली ती तिच्यामुळे. वायू शुद्ध करणाऱ्या कार्बन ट्रॅपनंतरची सगळी जोडणी तांब्याची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) केली आणि ब्लँक स्वच्छ झाला. एवढ्या किमतीच्या यंत्राबरोबर ही नळी का देतात, कळत नाही.

सुया प्रत्येक बॅचनंतर ॲसिटोन, मग हेक्झेनने धुवायच्या. बाथमध्ये नळाचं पाणी नको, क्षार बसून हीटर हळूहळू मंदावतो, डिस्टिल्डच भरावं.