अंगठा तासायचा की जोडायचा?

पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आणि गोळ्या, कडक तळाचे बूट, इंजेक्शन सगळं करून झालं, की डॉक्टर दोन नावं घेतात. चायलेक्टॉमी म्हणजे वर वाढलेलं हाड तासणं. फ्यूजन म्हणजे सांधाच कायमचा जोडणं. ताईचा अंगठा तासलेला, माझा उजवा जोडलेला.

आधी बघा, दुखतं नेमकं कधी? अंगठा पार वर उचलल्यावर, शेवटच्या टोकाला दुखत असेल तर बहुधा वाढलेलं हाड आड येतंय. ते तासून भागतं. पण जरा हलवला तरी आत करकर आणि कळ असेल, तर कूर्चाच संपत आलेली असते. माझं तसंच होतं. तिथे तासून फारसं हाती लागत नाही.

तासल्यावर कडक तळाच्या बुटात लगेच चालता येतं, सूज मात्र दोन-तीन महिने रेंगाळते. झीज थांबत नाही, पण पुढे त्रास वाढलाच तर जोडायची वाट मोकळी असते. जोडलेला अंगठा पुन्हा मोकळा करणं जवळपास अशक्य.

जोडताना प्लेट आणि स्क्रू बसवतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, तेवढे दिवस टाचेवर भार टाकून चालायचं. उजवा पाय, म्हणून गाडीही बंद. सिगारेट ओढत असाल तर आधी सोडा, नाहीतर हाड सांधतच नाही असंही होतं. माझी कळ गेली ती गेलीच. पण जमिनीवरून उठताना आपण बोटं मुडपून जोर घेतो, हे मला अंगठा ताठ झाल्यावर कळलं. आता स्टूल धरून उठते.

कृत्रिम सांध्याचं आमिष मोठं. सांध्यात बसवायच्या कार्टिव्हा नावाच्या छोट्या गुटकीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, म्हणून 2024 मध्ये कंपनीनेच ती परत मागवली. मी त्या वाटेला जाणार नाही.

जोडायचं ठरलं तर रोजची चप्पल डॉक्टरांना नेऊन दाखवा. अंगठा किंचित वर उचललेल्या कोनात बसवतात, आणि टाच किती उंच चालेल हे त्या कोनावरच ठरतं. मी दाखवली नव्हती. माझ्या लग्नाकार्यातल्या टाचेच्या चपला आता ताई घालते.