स्पाइस प्लस भरून कंपनी काढली, त्याला आठ महिने झाले

इचलकरंजीत आमचे चोवीस माग आहेत. मागावर किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) पडले ते मोजून मोबाइलवर दाखवणारी एक छोटी पेटी मी आणि माझ्या मित्राने बनवली. शेजारच्या दोघातिघांनी मागितली, मग बाहेरगावचा एक व्यापारी म्हणाला, बिल कंपनीच्या नावाचं द्या. म्हणून प्रायव्हेट लिमिटेड काढायची ठरली. डायरेक्टर दोन, मी आणि घरातले आबा. मित्राची नोकरी आहे, म्हणून तो सध्या बाहेर.

स्पाइस प्लस हा कंपनी नोंदणीचा, कंपनी व्यवहार मंत्रालयाचा फॉर्म फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याच्या आधीचा स्पाइस फॉर्म पीडीएफ उतरवून भरायचा होता, हा पहिल्यापासून पोर्टलवरच भरतात. भाग अ मध्ये नाव, भाग ब मध्ये नोंदणी. त्याच्याबरोबर एकत्रच डिन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक), पॅन, टॅन (टीडीएससाठीचा नंबर), पीएफ, ईएसआय (कामगार विमा), व्यवसायकर आणि बँक खातं. जीएसटीची टिक आपल्या मर्जीवर. आम्ही ती केली नाही आणि बरं झालं. विक्री सुरू व्हायला चार महिने लागले. नंबर आधी घेतला असता तर तेवढे महिने शून्याची रिटर्न भरत बसलो असतो.

नावात आम्ही पहिल्यांदा आपटलो. हजार रुपयांत दोन नावं सुचवता येतात. आमच्या दोन्हींत ‘वस्त्र’ होतं आणि तसा उच्चार असलेली कंपनी आधीपासून होती. मी म्हटलं, पुढे ‘इचलकरंजी’ लावू. आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) बाई हसल्या. गावाचं नाव जोडलं, स्पेलिंग बदललं, एकवचनाचं अनेकवचन केलं, तरी नाव वेगळं धरत नाहीत. हे सगळं ठरतं हरियाणात, मंत्रालयाच्या मानेसरच्या केंद्रात. तिथल्या माणसाला आमची गल्ली माहीत असायचं कारण नाही, म्हणून रिसबमिशनला, म्हणजे पुन्हा अर्ज करताना, आमच्या गल्लीचं जुनं नाव टाकलं. तिसऱ्या दिवशी मंजूर! मंजुरी मिळाली की वीस दिवसांत भाग ब भरावा लागतो, आणि आमचे खरे हाल त्या वीस दिवसांत झाले.

आबांच्या आधारवर नावापुढे ‘सो’ आहे, पॅनवर ‘साहेब’. आमच्या भागात हे घरोघरी सापडेल. शाळेत एक, सातबाऱ्यावर दुसरं, मतदार यादीत तिसरंच. माणसाला कळतं की दोन्ही एकच, पण फॉर्मवर करायच्या डिजिटल सहीला ते चालत नाही. आधार दुरुस्तीत नऊ दिवस गेले. मग सहीसाठी व्हिडिओ पडताळणी. कॅमेऱ्यासमोर पॅन धरून आपलं नाव स्पष्ट सांगायचं. आबा कारखान्यातून हलेनात आणि मागांच्या खडखडाटात आवाज पोचेना. दोनदा व्हिडिओ नाकारला गेला. तिसऱ्यांदा दुपारी लाइट गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत आबांनी मोबाइलच्या डेटावर खणखणीत नाव सांगितलं. भारनियमनाचा आमच्या घराला झालेला हा एवढाच फायदा.

पत्त्याच्या पुराव्याला दोन महिन्यांच्या आतलं वीज, फोन किंवा गॅसचं बिल आणि जागामालकाचं नाहरकत पत्र लागतं. आमचं लाइटबिल आजोबांच्या नावावर होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटी आईच्या नावचं गॅसबिल आणि घरपट्टीची पावती जोडून भागवलं. फॉर्ममध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही मागतात. नकाशावरची खूण आधी पलीकडच्या सायझिंगवर (सुताला खळ लावायच्या कारखान्यावर) पडली होती, तेवढी हलवून नीट केली.

भाग ब भरून झाला की एकेक पीडीएफ उतरवायची, प्रत्येकीवर टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) लावून सह्या करायच्या आणि परत चढवायची. पोर्टल मध्येच लॉगआउट करतं, म्हणून दर पानाला सेव्ह दाबत राहा. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाची नोंदणी फी नाही, पण राज्याचा मुद्रांक शुल्क पडतोच. सीएसची फी, दोन टोकन आणि नावाचे हजार धरून आम्हाला साडेअकरा हजारांत पडलं.

पाचव्या दिवशी प्रमाणपत्र मेलवर आलं. त्यावरच पॅन आणि टॅन. २१ अक्षरांचा नंबर आबा बोट ठेवून वाचत होते: यू म्हणजे शेअर बाजारात नसलेली, पुढे धंद्याचा कोड, मग एमएच, मग साल, पीटीसी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. तोवर मी या फॉर्मला पाचपैकी पाच दिले असते.

आता पुढचं ऐका. फॉर्मचा एकत्रपणा प्रमाणपत्रापाशी संपतो. पीएफ, ईएसआय, व्यवसायकर, प्रत्येकाचं वेगळं पोर्टल, वेगळा पासवर्ड. आमच्याकडे कंपनीच्या पगारावर एकच पोरगा आहे, तरी पीएफ आणि ईएसआय दोन्हीकडचे कोड आपोआप मिळाले. व्यवसायकराचे कंपनीचे वर्षाला अडीच हजार मात्र भरायचेच.

बँक खात्याला ‘आपोआप’ म्हणणं धाडसाचं आहे. फॉर्ममध्ये बँक निवडली, पण शाखेत गेल्यावर सगळी कागदपत्रं पुन्हा, ठराव पुन्हा, आबांची सही पुन्हा. वरून ‘तुमचा अर्ज आमच्याकडे दिसत नाही’. सात आठवडे गेले. भागभांडवलाचा लाख रुपया खात्यात आल्याशिवाय धंदा सुरू केल्याचा आयएनसी-२०ए फॉर्म भरता येत नाही, आणि त्याची मुदत नोंदणीपासून १८० दिवस. चुकलं तर कंपनीला ५० हजार दंड, डायरेक्टरला दिवसाला हजार. ही तारीख पोर्टलने कधी आठवण करून दिली नाही. सीएस बाईंनी दिली. पहिला ऑडिटर महिन्याच्या आत नेमायचा असतो, तेही त्यांनीच सांगितलं. फॉर्म स्वतः भरून फी वाचवावी असं कुणाच्या मनात असेल, तर सीए-सीएसची सही तशीही लागते.

आणि फोन! प्रमाणपत्र आलं त्याच दुपारपासून करंट अकाउंट, ट्रेडमार्क, वेबसाइट, कर्ज. फॉर्मवर आबांचा नंबर दिला होता, ही माझी चूक. नवीन सिम घेऊन तोच टाका.

तरी पाचपैकी साडेतीन. पाच-सहा ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा हे बरंच सुखाचं, पण आमचा निम्मा वेळ फॉर्ममध्ये नव्हे, घरच्या कागदांत गेला. मेव्हणा पुढच्या महिन्यात त्याची कंपनी काढतोय. त्याने विचारलं, सुरुवात कुठून करू? म्हटलं, आधी लाइटबिल काढून बघ, कुणाच्या नावावर आहे.