आंघोळीचं पाणी फ्लशला: ग्रेवॉटर यंत्रणा, अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. फ्लशसाठी जरूर बसवा, निव्वळ बागेसाठी बसवू नका. आणि टाकी लहान घ्या.

आमच्याकडे आंघोळीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी, म्हणजेच ग्रेवॉटर, जाळीतून टाकीत येतं, वाळूच्या गाळणीतून जातं, थोडं क्लोरीन मिसळतं आणि मोटर ते फ्लशला चढवते. स्वयंपाकघरातलं सिंक मुद्दाम जोडलेलं नाही. तेल आणि खरकटं आलं की गाळणी तुंबलीच म्हणून समजा.

जुन्या फ्लशला एका वेळी १० लिटरच्या आसपास पाणी लागतं, दोन बटणांच्या नव्या फ्लशला ३ किंवा ६. शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं तरी ४० लिटर सहज जातात. म्हणजे पाणी पुरतं, वर उरतंही. खरी डोकेदुखी या उरलेल्या पाण्याची. साबण, मळ, केस यांवर जिवाणू पोसले जातात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि एक-दीड दिवसात कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. विक्रेते मोठी टाकी गळ्यात मारायला बघतात. दिवसभर पुरेल एवढीच घ्या, जास्तीचं सरळ गटारात जाऊ द्या. गावाला जाताना टाकी रिकामी करायची.

जाळीचं काम कोणी आधी सांगत नाही. टॉवेल धुतले की तिच्यावर करड्या धाग्यांचा ओला थर बसतो, त्यात केस गुंतलेले. तो हातानेच सोलून काढावा लागतो. किळस येत असेल तर हा उद्योग नकोच. टाकीत फ्लोट असतो, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे मोटर चालू-बंद करणारा तरंगता गोळा. त्याच्या खालच्या बाजूलाही बुळबुळीत थर धरतो. तो पुसला नाही, तर फ्लोट अडकून मोटर कोरडी फिरू शकते.

बागेचं म्हणाल, तर कपडे धुण्याच्या पावडरीतल्या सोडियमने माती हळूहळू घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. पावडरीत बोरॅक्स हा क्षार असेल तर पानांच्या कडा करपतात. मी लिक्विड साबणावर आले आणि पाणी फक्त झाडांच्या बुंध्याशी सोडते. कच्च्या खायच्या पालेभाजीला अजिबात नाही.

पाणी जरा गढूळ दिसतं, त्यावरून पाहुणे नाक मुरडतात. नामिबियातल्या विंडहोक शहरात १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतात. इथे तर नुसता फ्लश आहे!

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. टाकी रिकामी झाली की तिच्यात साधं पाणी येतं, त्या नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या बरंच वर हवं. प्लंबर थेट पाइप जोडून मोकळा होतो, मग पिण्याच्या लाइनीतला दाब कमी झाला की टाकीतलं पाणी तिच्यात ओढलं जाऊ शकतं. पाइप जांभळे रंगवून घ्या, बऱ्याच देशांत पुनर्वापराच्या पाण्याला हाच रंग वापरतात.

घरात एक-दोनच माणसं असतील तर यात पडू नका. आधी फ्लशचं गळणारं रबर बदला. दोन संडास असतील, तर एक साध्या लाइनवरच ठेवा. कारण वीज गेली की मोटर बंद.