विंडोज ११ आणि ८ जीबी रॅम: वर्षभराच्या वापरानंतर नेमकं काय मंदावतं?

मशीन अगदी सर्वसाधारण घरगुती लॅपटॉप: दोन कोअरचा अकराव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी आणि कंपनीकडूनच आलेलं विंडोज ११ होम. वापर ऑफिसच्या फायली, बँक, मुलांचे प्रोजेक्ट, यूट्यूब आणि प्रिंटर. नवा असताना सगळं चटचट चालतं. वर्षभराने डेस्कटॉप जवळपास तेवढ्याच वेळात दिसतो, पण ब्राउझरवर क्लिक केलं की बराच वेळ काहीच हलत नाही. इथेच खरी मेख आहे. विंडोज यायला उशीर होत नाही; तिच्यामागून जी वरात येते, ती आत यायला वेळ लागतो.

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, मोजता येतं. अ‍ॅडमिनच्या खात्यातून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल या वाटेने आत जा आणि १०० क्रमांकाची नोंद शोधा. डीटेल्स टॅबमध्ये ‘मेन पाथ बूट टाइम’ आणि ‘बूट पोस्ट बूट टाइम’ असे दोन आकडे मिलिसेकंदात दिसतात. पहिला डेस्कटॉप येईपर्यंतचा, दुसरा त्यानंतर मशीन निवांत होईपर्यंतचा. पहिला आकडा स्थिर आणि दुसरा फुगत चाललेला असेल, तर फॉरमॅट मारण्याआधी स्टार्टअपकडे बघा. त्याच यादीत १०१ म्हणजे रेंगाळलेलं ॲप, १०२ म्हणजे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), १०३ म्हणजे सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम). प्रत्येक नोंदीत फाइलचं नावही असतं. म्हणजे चोर नावानिशी सापडतो.

टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप ॲप्सची यादी सगळ्यांना ठाऊक असते, पण ती अर्धीच असते. अपडेट तपासणारे छोटे प्रोग्रॅम टास्क शेड्युलरमध्ये आणि सर्व्हिसेसमध्ये बसतात, ते तिथे दिसत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं ऑटोरन्स फुकट मिळतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी चालू करा, मग उरलेलं वाचा. आपल्याकडच्या घरगुती मशीनवर हमखास दिसणारी मंडळी म्हणजे प्रिंटरची शाई मोजणारी युटिलिटी, जीएसटी किंवा आयकरासाठीच्या डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, कधीकाळी टाकलेल्या मीटिंग ॲपचा अपडेटर आणि लॅपटॉप कंपनीचे तीन-चार ‘असिस्टंट’. टिकमार्क काढा, नोंद डिलीट करू नका. काही बिघडलं तर पुन्हा टिक करता येते. टचपॅड, साउंड आणि ग्राफिक्सच्या नोंदींना हात लावायचा नाही. टोकन लागेल तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर हाताने सुरू करता येतं, ते रोज जागं ठेवायची गरज नाही. क्रोममध्ये ‘ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा’ आणि एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ हे दोन पर्यायही बंद करावेत.

दुसरी गोष्ट फार कमी लोक तपासतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. एखाद्या ड्रायव्हरने मेमरी गिळायला सुरुवात केली असेल, तर तो दोषही तसाच पुढे येतो. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावरचा ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथे पंधरा-वीस दिवस दिसू शकतात. रीस्टार्ट केलं की मात्र खरोखर नव्याने सुरुवात होते. आठवड्याला एक रीस्टार्ट पुरे. एसएसडी असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंदच केलं तरी फारसं अडत नाही.

रॅमबद्दल स्पष्ट सांगायचं तर ८ जीबी आता काठावरचं आहे. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी आहे, पण काहीही न उघडता तीन-साडेतीन जीबी सहज जातात, त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा घेतं. नवीन वेबसाइटही वर्षागणिक जडच होत चालल्यात. मेमरीच्या पानावर ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, ती जागा लागेल तेव्हा लगेच मोकळी होते. बघायचा आकडा ‘कमिटेड’, म्हणजे चालू प्रोग्रॅम्सनी मागून ठेवलेली एकूण मेमरी. तो प्रत्यक्ष रॅमच्या बराच वर गेला आणि सोबत डिस्कही धडधडत असेल, तर मशीन पेज फाइलवर (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) दिवस काढतंय. ‘रॅम क्लीनर’ ॲप्स इथे उलटं काम करतात: मेमरीतली पानं (डेटाचे छोटे तुकडे) बाहेर ढकलतात, मग तीच पानं डिस्कवरून परत आणावी लागतात आणि मशीन आणखी रखडतं.

डिस्क हा या सगळ्यातला सर्वांत मोठा भाग. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २३८ दिसते, हा फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक. अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखीव, हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के, वरून मोठ्या अपडेटनंतरचा ‘विंडोज ओल्ड’ फोल्डर. हा शेवटचा दहा दिवसांनी आपोआप जातो. विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा ‘विनएसएक्सएस’ फोल्डर १०-१२ जीबी दिसतो म्हणून तो हाताने उडवणारे लोक आहेत, कृपया नको. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. फोल्डर उडवला तर पुढचं अपडेट बसणार नाही. साफसफाई सेटिंग्जमधल्या स्टोरेज, टेम्पररी फाइल्समधूनच करा. तिथे डाउनलोड्सवरची टिक मात्र आधी नीट बघा, नाहीतर कामाचे पीडीएफ जायचे.

एसएसडी गच्च भरली की खरोखर मंदावते. स्वस्त ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग वेगवान कॅश म्हणून वापरतात. जागा संपत आली की तो कॅश आक्रसतो आणि मोठी फाइल कॉपी करताना वेग धाडकन खाली येतो. १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये आठवड्याचं वेळापत्रक चालू आहे ना, तेवढं पाहा, एसएसडीवर तिथून ट्रिम होतं (डिलीट केलेली जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवलं जातं), बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर टाकू नका. सेटिंग्जच्या ‘डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स’मध्ये एनव्हीएमई ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या की उरलेलं आयुष्य टक्क्यांत आणि तापमानही दिसतं.

अजून ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क असलेलं मशीन असेल तर वरचं सगळं नंतर. अशा डिस्कला विखुरलेल्या लहान फायली वाचायला एकेका वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं. साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी तेच काम हजारोंच्या संख्येने करते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र एक-दोन एमबी, हे याचंच लक्षण. शिवाय डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा वाढताना दिसला, तर दोष विंडोजचा नाहीच. डिस्क मरतेय. आधी बॅकअप, मग बाकीच्या गप्पा.

उष्णता ओळखायची खूण वेगळी आहे. सुरुवातीला मशीन ठीक चालतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी लोळण घेतं. पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो, जुन्या मशीनमध्ये थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (उष्णतेमुळे वेग उतरवण्याच्या) ओळीपुढे ‘येस’ दिसतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत, गादीवर ठेवून चालवलेल्या लॅपटॉपचं हे नेहमीचंच दुखणं. धूळ काढायला हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, गरागरा फिरू देऊ नका.

रजिस्ट्री क्लीनरवर एक पैसा घालवू नका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्जच्या वहीत, हजारभर मेलेल्या नोंदी असल्या तरी हवी ती नोंद शोधण्याच्या वेळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि असली सॉफ्टवेअर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. वर्षातून एकदा ‘विंडोज मारून घ्यायची’ सवय विंडोज ९५-९८ च्या काळातली. तेव्हा खिडक्या आणि चित्रांसाठीच्या काही मेमरीला ६४ केबीची मर्यादा होती आणि एक प्रोग्रॅम दुसऱ्याची डीएलएल (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती फाइल) बिनदिक्कत बदलायचा. त्या काळी सल्ला बरोबर होता. अपडेटमुळे वेग खरंच कमी झाल्याचं ठळक उदाहरण म्हणजे जानेवारी २०१८ मधले मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरचे पॅच. जुन्या प्रोसेसरवर फरक जाणवण्याइतका होता. पण ते टाळणं सुरक्षेच्या दृष्टीने परवडणारं नव्हतं.

एवढं करूनही भागलं नाही तर रिकव्हरीमधला ‘रीसेट धिस पीसी’ घ्या, क्लाउड डाउनलोडसह. सुमारे ४ जीबी डेटा जातो. ‘कीप माय फाइल्स’वर विसंबून बसू नका. तुमच्या यूजर फोल्डरमधलं राहतं, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये साठवलेला हिशेबाचा डेटा जातो. डिव्हाइस एन्क्रिप्शनची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसतेय का तेही आधी बघा. लायसन्सची चिंता नको, त्याच मशीनवर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानात स्वस्तात ‘मारून’ मिळणारी कॉपी मात्र नको, कारण त्यातल्या ॲक्टिव्हेटरसाठी अनेकदा डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस)च बंद केलेला असतो.

विंडोजला पाचपैकी साडेतीन, कंपनीने वर लादलेल्या सॉफ्टवेअरला एक. असाच लॅपटॉप घ्यायचा असेल तर दुकानातच टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ वाचा आणि दुसरा स्लॉट खरोखर आहे का, हे मॉडेलच्या तपशिलात ताडून पाहा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तसं असेल तर सरळ १६ जीबीचंच घ्या.